काचेचा फुगा आणि मंगळाचा तुकडा

धोंडाबाईंच्या कोपराने घात केला.

संस्थेत ही बातमी ज्याने ऐकली त्याला आधी हसू आलं आणि मग हसल्याची लाज वाटली. कारण आपल्या प्रयोगखोलीच्या दारात उभ्या राहून बाईच वर्षानुवर्षं सगळ्यांना दटावत आल्या होत्या. पिशव्या बाहेर ठेवा, बाह्या वर करा, शिंक येणार असेल तर आत्ताच सांगा. आणि शेवटी चष्मा शोधता शोधता त्यांचाच कोपर मागे गेला. चष्मा डोक्यावरच होता. मागे टांगलेला काचेचा फुगा मात्र तडकला, आणि तडा बघता बघता मानेपर्यंत गेला.

धोंडाबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण आकाशातून पडलेल्या दगडांवर जिने उभा जन्म काढला, तिला लोक दुसरं काय म्हणणार? बाईंना ते नाव ठाऊक होतं आणि आवडायचंही. "धोंडे बरे," त्या म्हणायच्या, "उलट उत्तर देत नाहीत."

बोलावणं गेलं ते तळघरातल्या काचशाळेत, फुंकणीकडे. संस्थेला लागणाऱ्या नळ्या, कुप्या, फुगे ती ज्योतीवर काच मऊ करून, तोंडाने फुंकून घडवायची. तिच्या आधी तिचे बाबा हेच काम करत. लहानपणी ती त्यांच्या शेजारी बसून दिसेल त्या वस्तूवर फुंकर मारायची, तेव्हा त्यांनीच तिला हे नाव ठेवलं. पुढे बाबा गेले, त्यांची खुर्ची तिला मिळाली, आणि घरातलं नाव मागोमाग कामावर आलं.

तिने तडा पाहिला, नखाने हळूच टिचकी मारली. आवाज बद्द आला.

"जोडता येईल ना गं?" बाईंनी विचारलं.

"नाही बाई. हा गेला."

बाई मटकन स्टुलावर बसल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं फुंकणीला वाटलं. पण रागवायचं कुणावर?

काय गेलं होतं ते सांगायला हवं. दूरच्या एका वाळवंटात कुणाला तरी एक काळपट दगड सापडला होता. दिसायला रस्त्यात ठेच लागावी असाच. पण त्याच्या पोटात काळ्या काचेच्या बारीक शिरा होत्या, आणि बाईंचं म्हणणं होतं की हा दगड मंगळावरचा आहे. तिथे केव्हातरी काहीतरी प्रचंड येऊन आदळलं, त्या तडाख्याने हा ग्रहावरून उडाला, लाखो वर्षं अंतराळात भटकला आणि इथे येऊन पडला. आदळण्याच्या त्या क्षणी दगडाचा थोडा भाग वितळून काच झाला, आणि त्या काचेत तिथली हवा अडकली. मंगळावर उतरलेल्या यानांनी तिथली हवा मोजून ठेवलेली आहे. दगडातली हवा तिच्याशी जुळली की संशयाला जागा नाही. बाकीचे अभ्यासक म्हणत होते, बाईंना आता जिकडेतिकडे मंगळच दिसतो. हा साधा अशनी आहे, असे पैशाला पासरी मिळतात. वाद मिटवायला बाईंना त्या दगडाचा वाटाण्याएवढा तुकडा उसना मिळाला होता. महिनाअखेर तो परत जायचा होता, आणि त्याच सुमारास बाई निवृत्त व्हायच्या होत्या.

तुकडा तापवायचा, त्यातून सुटलेली हवा काचेच्या नळ्यांतून फुग्यात गोळा करायची, आणि फुग्यातून जरा जरा करून मोजणाऱ्या यंत्रात सोडायची, असं ते काम. नळ्यांचं ते सगळं जाळं बाबांनी उभं केलेलं. फुग्यावाचून ते म्हणजे तोंड आहे, घसा आहे, पण छाती नाही.

फुंकणीने नवा फुगा केला. सुरेख झाला. जाळ्याच्या नळीला तो जोडला, सांधा हळूहळू निवू दिला, आणि हात पुसायला वळली तोच मागे टक् झालं. सांधा तडकला होता. दुसऱ्यांदा तिने ज्योत अधिक मंद केली, अधिक वेळ दिला. टक्. काचेच्याही जाती असतात, आणि त्यांचं माणसांसारखंच आहे. गरम असताना सगळ्यांचं सगळ्यांशी जमतं; थंड झाल्यावर कळतं. बाबांनी वापरलेली काच बनवणारा कारखाना कधीच बंद पडला होता. दोन्हींशी जमवून घेणारी मधली काच मिळते, पण ती मागवून यायला दोन महिने.

मग तिने बाबांच्या वेळच्या तुकड्यांची पेटी जमिनीवर उपडी केली. इतकी वर्षं ती ते तुकडे पुरवून पुरवून वापरत आली होती. उरली होती बोटभर नळी. तेवढ्यात फुगा होणार नव्हता.

खरं तर बाबांच्या काचेचा फुगा कुठे आहे हे तिला पहिल्या मिनिटापासून ठाऊक होतं. काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय. पण काही काखा अशा असतात की तिथे हात घालायचा धीर होत नाही.

घरी, आईच्या पलंगासमोरच्या कपाटावर, कापडाच्या चुंबळीत मान रोवून एक काचेचा फुगा बसलेला होता. ओंजळीत मावेल न मावेल एवढा. वर मधोमध काच ओढून तोडल्याची बारीक गाठ होती, तिला आई बेंबी म्हणायची. बाबांनी तो त्यांच्या शेवटच्या आजारपणाच्या जरा आधी पंच्यात गुंडाळून घरी आणला होता आणि आईच्या हातात दिला होता. त्यानंतर ते पुन्हा कामावर गेले नाहीत. ते गेल्यावर आईने फुगा कपाटावर ठेवला, आणि रोज सकाळी मऊ जुन्या कापडाने ती तो पुसू लागली. जागच्या जागी, न उचलता. दुसऱ्या कुणी हात लावलेला तिला खपत नसे.

"यांचा श्वास आहे त्यात," ती आल्यागेल्याला सांगायची. पाहुणे बिचारे चहाचा कप हातात धरून नेमकं कुठे बघावं ते न कळून फुग्याच्या पलीकडे भिंतीकडे बघत राहायचे.

फुंकणीला त्यात वावगं काही वाटलं नव्हतं. फुंकून केलेली वस्तू, तोंड बंद केलेली. आत श्वास नाही तर काय असणार? जिचा स्वतःचा श्वास रोज काचेत जातो, तिला दुसरं काही सुचणारच नव्हतं. कामावर काही बिनसलं की तीही कधीमधी त्या कपाटासमोर उभी राहायची. काही बोलायची नाही, पण उभी राहायची.

त्या संध्याकाळी आई मटार सोलत बसली होती. फुंकणी शेजारी बसली, चार शेंगा सोलल्या, आणि म्हणाली, "आई, बाईंचा फुगा फुटला."

"मग तू कशाला आहेस? दे एक बनवून."

"काच जमत नाहीये. बाबांच्या वेळची काच हवी."

आईचा हात थांबला नाही. उलट शेंगा जरा जास्तच भराभर सुटू लागल्या. "नाही," ती म्हणाली.

"मी अजून विचारलं कुठे?"

"तुझं तोंड विचारतंय. बापाचंही असंच होतं, मागायचं असलं की आधी येऊन भाजी निवडू लागायचे." तिने टोपलीतला एक दाणा उचलून चिमटीत धरला. "केवढा आहे गं तो दगड? एवढा?"

"साधारण एवढाच."

"एवढ्याशा खड्यासाठी मी यांचा श्वास देऊ? आणि जगात एवढी माणसं असताना हा मंगळ आमच्याच राशीला यायचा होता?"

"आई, बाईंची सगळी वर्षं…"

"आणि माझी?" आईने दाणा पातेल्यात टाकला. "माझ्याकडे यांचं उरलंय काय, सांग. सदरे तू देऊन टाकलेस, जुने झाले म्हणून. आवाज कुणी भरून ठेवला नाही. आणि तो फोटो! त्यात तर ते परक्याच्या लग्नात चुकून शिरल्यासारखे दिसतात. उरलाय तो एवढा एक फुगा. तो तुला उघडून हवाय."

फुंकणीला आईचा राग येत होता आणि आईचंच खरं आहे हेही कळत होतं, आणि दोन्ही एकाच वेळी गिळणं जड जात होतं. तिने उरलेले मटार मुकाट्याने सोलले. पुढचे दोन दिवस आई तिच्याशी कामापुरतंही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी तिने बाईंना सगळं सांगितलं. फुगा आहे, पण मिळणार नाही, का मिळणार नाही. बाईंनी ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, "मग विषय संपला. तुकडा परत पाठवायची तयारी करते." आवाज अगदी सरळ होता. पण जाताना त्या दाराऐवजी दाराच्या चौकटीकडे गेल्या.

सुट्टीच्या दिवशी दुपारी घराची घंटा वाजली. दारात बाई. हातात फळांची पिशवी, ती कुठे ठेवावी ते न कळल्यामुळे त्यांनी ती पुढे धरली होती.

"वहिनी, मी मागायला आलेले नाही," त्या आत यायच्या आधीच म्हणाल्या. "कोपर माझा होता. पोरीला शिव्या देऊ नका, एवढं सांगायला आले."

"शिव्या नाही दिल्या," आई म्हणाली. "नुसतं बोलले नाही."

"ते त्याहून वाईट."

आईला हसू आलं, ते तिने पिशवी घेण्याच्या निमित्ताने लपवलं. चहा झाला. बाई कपाटाकडे पाठ करून बसल्या होत्या. मुद्दामच, हे फुंकणीच्या लक्षात आलं. कप रिकामे झाल्यावर आईनेच विषय काढला. "त्या दगडात हवा आहे म्हणे."

"असावी असं मी म्हणते."

"किती?"

"तुम्ही आत्ता घेतलात त्या एका श्वासाचा लाखावा भागसुद्धा नाही."

"आणि तुम्ही ती काढलीत की दगडात काही राहणार नाही."

"नाही."

"एवढी वर्षं सांभाळली बिचाऱ्याने. कुठून कुठे घेऊन आला. आणि तुम्ही एका दुपारी संपवणार."

बाईंची ख्याती अशी की प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर. पण आता त्या थांबल्या. "संपवणार," त्या म्हणाल्या. "पण वहिनी, न उघडता तो माझ्या दृष्टीने मंगळ आणि दुसऱ्याच्या दृष्टीने धोंडा. मी घरी बसले की लोक दुसऱ्याचं खरं मानतील, आणि त्यांची चूक नाही, कारण मी तरी नुसतं म्हणतच आले ना? तो कुठला हे त्याच्याकडूनच ऐकायचं, तर त्याला उघडण्यावाचून गत्यंतर नाही."

आई कपाचा कान अंगठ्याने चोळत राहिली. तिची नजर कपाटाकडे गेली, परत आली, पुन्हा गेली.

"तुमचं यंत्र यांचा श्वास ओळखेल?"

फुंकणीने बाईंकडे पाहिलं. एक गोड 'हो' म्हणायला काय जात होतं?

"हवा ओळखेल," बाई म्हणाल्या. "कुणाची ते नाही ओळखणार. खोटं कशाला सांगू?"

आता आई उठून आत जाणार, असं फुंकणीला वाटलं. पण ती बसून राहिली. आयुष्यभर गोड बोलणाऱ्यांपेक्षा तोंडावर सांगणाऱ्यांवर तिने जास्त भरवसा ठेवला होता. नवराही तसलाच होता. "जे करायचं ते माझ्यासमोर करायचं," ती शेवटी म्हणाली. "मी येणार."

आणि ती आली. शालीत गुंडाळलेला फुगा मांडीवर घेऊन, वाटेत प्रत्येक खड्ड्याला चालकाकडे रागाने बघत. काचशाळेत ती आयुष्यात पहिल्यांदाच येत होती. नवरा रोज सकाळी इथे जायचा आणि संध्याकाळी इथून यायचा, एवढंच तिला ठाऊक. तिने बर्नर पाहिला, भट्टी पाहिली, भिंतीवर टांगलेल्या नळ्या पाहिल्या. मग खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

"इथे बसायचे?"

"इथेच."

"खिडकी नाही," आई म्हणाली. "कधी सांगितलं नाही मला." आणि ती त्याच खुर्चीत बसली.

फुंकणीने शाल उलगडली. इतक्या वर्षांत फुगा पहिल्यांदाच तिच्या हातात आला होता, तोही कामाच्या दिव्याखाली. तिने तो सवयीने फिरवला, आणि चुंबळीत कायम दडलेली मान वर आली. मान पाहून तिचा हात थांबला.

मानेच्या आत काचेची एक नाजूक चोच होती. कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ, आतून बंद. अशी चोच कशासाठी ठेवतात हे काचेच्या माणसाला सांगावं लागत नाही. फुगा पंपाला लावून आतली हवा पार काढून टाकतात, बेंबीपाशी वितळवून तोडतात, आणि तसाच रिकामा, स्वच्छ ठेवून देतात. वेळ आली की मान जाळ्याला जोडायची, नळीत लोखंडाचा बारीक तुकडा सोडायचा, बाहेरून चुंबकाने तो हलवून चोच फोडायची. श्वास ठेवायला कुणी चोच करत नाही. बाबांनी बाईंच्या जाळ्यासाठी एकाऐवजी दोन फुगे केले होते, आणि हा दुसरा होता. एक फुटलाच तर असावा म्हणून. त्यात श्वास नव्हता. त्यात काही म्हणजे काहीच नव्हतं.

आई बाबांच्या खुर्चीत बसून तिच्याकडे बघत होती. फुंकणीला वाटलं, सांगावं की काच खराब आहे, जमणार नाही, चल घरी. फुगा पुन्हा चुंबळीत बसेल, आई पुन्हा पुसेल, आणि बाबांचा श्वास आहे तसा राहील. बाईंचा तुकडा परत जाईल. बाईंना निदान नुसतं म्हणायची सवय तरी होती.

तिने फुगा शालीवर ठेवला आणि आईसमोर स्टूल ओढून बसली.

"आई, ऐक. यात बाबांचा श्वास नसावा." तिने चोच दाखवली. ती कशासाठी असते ते सांगितलं. "हा रिकामा करून ठेवलेला आहे. बाईंच्या कामासाठीच. मी कधी हातात घेतला नाही म्हणून मलाही कळलं नाही. अजून उघडलेला नाही. तू म्हणालीस तर परत नेऊ. मग नक्की कुणालाच कळणार नाही."

आई चोचीकडे बघत राहिली. बाई दारात आल्या होत्या, त्या तिथेच थांबल्या.

"हातात दिला तेव्हा दोन गोष्टी म्हणाले होते," आई म्हणाली. "जपून ठेव, लागेल. जपून मी ठेवला. लागेल म्हणाले होते, ते मी तुला कधी सांगितलं नाही. स्वतःलाही नाही सांगितलं." तिने डोळे पुसले नाहीत, तसेच वाहू दिले. "त्या दगडाला उघडून विचारता, मग यांनाच का सोडायचं? उघड."

तिघी वर बाईंच्या खोलीत गेल्या आणि फुंकणीने जाळ्यापाशी ज्योत पेटवली. बाबांची काच बाबांच्या काचेला लागली तेव्हा ती जणू ओळख असल्यासारखी मिसळली. सांधा निवू लागला. फुंकणी टक् ऐकू येण्याची वाट बघत होती, आणि बाई तर कानावर हातच ठेवून बसल्या होत्या. टक् काही झालं नाही.

मग जाळ्यातली हवा पंपाने काढली, चुंबक फिरला, आणि चोच फुटली. दाताखाली खडीसाखर फुटावी एवढाच आवाज. हवा मोजणारा काटा जागचा हलला नाही.

"बारा वर्षं!" बाईंच्या तोंडून निघून गेलं. "एवढीशी गळती नाही. वहिनी, असं काम आता कोण…" आणि आईचा चेहरा पाहून त्यांनी जीभ चावली.

"म्हणजे काहीच नाही," आई म्हणाली.

आपण रोज कुणाशी बोलत होतो आणि तिथे कुणी नव्हतं, हे कळलेल्या माणसाचा चेहरा कसा असतो ते फुंकणीने तेव्हा पाहिलं. आपण हे केलं, असं तिला वाटलं. तिने आईचा हात धरला. हात गार होता.

बाईंना मात्र यंत्र लावणं भाग होतं. दगडाची हवा घेण्याआधी फुगा खरोखर रिकामा आहे ना, हे बघावंच लागतं. त्या मान खाली घालून यंत्राशी बसल्या. काही वेळाने त्यांनी चष्मा नाकावरून खाली ओढला, पुन्हा वर केला, आणि त्या वळल्या.

"वहिनी, अगदी काहीच नाही असं नाही."

आईने वर पाहिलं.

"हेलियम आहे. फुगेवाले फुग्यात भरतात ना, तो वायू. आपल्या हवेत तो असतो, नावापुरता. पण इतका बारीक, की काचेतूनसुद्धा पार होतो. बाकी कुणाला ते जमत नाही. एवढ्या वर्षांत तो आत झिरपला आहे."

"कुठून?"

"फुगा जिथे होता तिथून. तुमच्या खोलीतल्या हवेतून."

आई उठून यंत्रापाशी गेली. तिथे पडद्यावर सपाट रेषेत एकच टोक उभं होतं. तिने ते बराच वेळ पाहिलं.

"म्हणजे मी यांचा श्वास पुसत होते," ती सावकाश म्हणाली, "आणि आत जात होतं ते माझ्या खोलीतलं."

"हो."

"यांनी रिकामाच दिला होता. भरला मी."

बाई काहीतरी बोलणार होत्या. श्वास आणि हेलियम यांतला फरक सांगण्यासारखा होता. पण इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी एक चूक दुरुस्त न करता तशीच सोडून दिली. आई हसली, आणि हसता हसता रडली, आणि फुंकणीच्या खांद्यावर तिने दोन चापट्या मारल्या, का ते तिलाच ठाऊक.

"आता काय?" तिने नाक पुसत विचारलं.

बाईंनी फुंकणीकडे पाहिलं, फुंकणीने बाईंकडे. नळीवरच्या चावीला दोघींपैकी कुणीच हात लावेना.

"आता फुगा पुन्हा रिकामा करावा लागतो," फुंकणी म्हणाली. "नाहीतर हे दगडाच्या हवेत मिसळेल, आणि त्याचं काय आणि इथलं काय ते कळणार नाही."

"मग करा की. कुठून करायचा?"

फुंकणीने चावी दाखवली. आईने ती दोन बोटांत धरली, गॅस बंद करावा तशी सहज फिरवली. पडद्यावरचं टोक हळूहळू बसत गेलं आणि रेषा सपाट झाली.

"गेलं?"

"गेलं."

"बोलवा तुमच्या पाहुण्याला," आई बाईंना म्हणाली आणि शालीची घडी घालू लागली.

पुढच्या आठवड्यात वाटाण्याएवढा तो तुकडा तापला. फुग्यात आलेली हवा एवढी थोडी होती की काट्याने जेमतेम दखल घेतली. यंत्राने मात्र घेतली. इथली हवा थोडीफार दगडातही शिरलेली होती. पृथ्वीवर पडून राहिलं की शिरतेच. ती वजा केल्यावर जे उरलं ते पृथ्वीवर कुठेच मिळत नाही, आणि यानांनी मंगळावर मोजलेल्या हवेशी ते जुळत होतं. बाई काचशाळेच्या दारात आल्या, तोंड उघडलं, मिटलं, आणि शेवटी म्हणाल्या, "तिकडचाच गं." मग बाबांच्या खुर्चीत बसून त्यांनी मनसोक्त रडून घेतलं. फुंकणीने त्यांना पाणी दिलं आणि दार लावून घेतलं, कारण संस्थेतल्या लोकांना एवढं सगळं दाखवायची गरज नव्हती.

घरी तिने आईला सांगितलं. आई पोळपाट पुसत होती, तिने मान डोलावली, दगडाला बरं म्हणाली, बाईंनाही बरं म्हणाली. कपाटावर चुंबळ अजून होती. पोळपाट पुसून झाल्यावरही आई तो कोरडाच पुसत राहिली.

"तिथे फुग्याला पुसतं कोण?" तिने विचारलं.

त्या जाळ्याला कुणी पुसत नव्हतं. कुणी हातही लावू नये म्हणून बाईंनी आता पुढे दोरी बांधली होती, आणि त्या दोरीच्या आत जायची मुभा त्यांनी स्वतःलासुद्धा ठेवली नव्हती.

आई आत गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात ते मऊ जुनं कापड होतं, धुऊन, चौकोनी घडी घातलेलं. ते तिने फुंकणीच्या कामाच्या पिशवीत सगळ्यात वर ठेवलं.

"न उचलता पूस," ती म्हणाली.